बर्गींच्या गावाहून कोलकात्याला

बुद्धिबळाचा डाव टपालाने खेळण्याची पद्धत जुनी आहे. लंडन आणि एडिनबरा या शहरांतल्या क्लबांनी १८२४ ते १८२८ या काळात एकमेकांना पत्रे पाठवून डाव खेळले आणि त्यात एडिनबराची सरशी झाली. माझी आणि कोलकात्याच्या माझ्या मैत्रिणीची ओळख अशाच संथ डावातून झाली. पत्राची जागा मात्र फोनच्या पडद्याने घेतली होती. प्रत्येक चालीला एक दिवसाची मुदत असणारे डाव आम्ही वर्षानुवर्षे खेळत आलो आहोत. चालीबरोबर एखादी ओळ लिहिण्याची सोय तिथे असते. सुरुवातीला त्या ओळीत ‘हे माझ्या लक्षातच आले नव्हते’ एवढेच असे. पुढे त्यात पाऊस आला, ऑफिस आले, तिच्या आईचे गुडघे आणि माझ्या आईचा रक्तदाब आला, आणि मग कधीतरी चाल ही त्या ओळीला जोडलेली पुरवणी होऊन बसली.

अशा ओळखीत माणूस उलट्या क्रमाने कळतो. शेजारच्या घरात राहायला आलेल्या बाईंचा आवाज, चालण्याची ढब, दाराशी काढलेल्या चपला हे आधी कळते आणि त्यांची मते पुष्कळ उशिरा, कधीकधी कधीच नाही. इथे मात्र मते आधी हाती येतात. मरणाविषयी, नोकरीविषयी, लग्न न करण्याविषयी तिला काय वाटते हे मला ठाऊक होते. ती चहात साखर घेते की नाही हे ठाऊक नव्हते. लिहिणारा माणूस विचार करून लिहितो, त्यामुळे त्याचे विचार दिसतात. त्याला कशाची सवय आहे हे दिसायचे असेल तर त्याच्या गावी जावे लागते, असे माझे आता मत झाले आहे.

जायचे ठरले तेव्हा आईने साहजिकच विचारले, ‘ओळख ना पाळख, आणि थेट कोलकात्याला?’ तिच्या प्रश्नात भीती होती आणि ती अगदीच अस्थानी नव्हती. आम्ही दोघींनी आधी व्हिडिओवर एकमेकींना आणि एकमेकींच्या आयांना पाहिले, भेटीची जागा गर्दीची ठरवली, आणि पहिली रात्र मी गेस्ट हाऊसमध्ये काढावी असे तिनेच सुचवले. अशी खबरदारी म्हणजे अविश्वास असे काहींना वाटते. मला ती सभ्यपणाची खूण वाटते. जिचे मन साफ आहे तिला या अटींचा त्रास होत नाही, उलट त्या आपण होऊन पुढे करण्यात तिला बरे वाटते.

नागपूरहून हावड्याला जाणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत. १९७७ मध्ये सुरू झालेली गीतांजली एक्सप्रेस मी निवडली. सुरुवातीला या गाडीत वर्ग नव्हते, सगळे प्रवासी एकाच दर्जाचे, आणि ती कल्पना मला लहानपणापासून आवडत आलेली आहे. आता अर्थातच तिला वातानुकूलित डबे आहेत आणि मी त्यातल्याच एकात होते. दुर्ग, रायपूर, बिलासपूर, राउरकेला, टाटानगर, खरगपूर अशी स्टेशने मागे पडत गेली. नागपूरहून बंगालकडे आपल्या आधीही माणसे गेली होती आणि त्यांच्या जाण्याची आठवण तिथे अजून आहे, हे मला त्या वेळी पुस्तकी माहिती म्हणून ठाऊक होते. त्या माहितीला माणसे आहेत हे ठाऊक नव्हते.

हावडा स्टेशनात १९२६ पासून एक दोन तोंडांचे मोठे घड्याळ आहे. बंगालीत त्याला ‘बडो घडी’ म्हणतात, आणि कुणाला भेटायचे असेल तर ‘बडो घडीच्या खाली’ एवढे सांगितले की पुरते. तिथे ती उभी होती. व्हिडिओवर दिसते त्यापेक्षा बरीच ठेंगणी. माझ्याहून वयाने ती दहाएक वर्षांनी मोठी, म्हणून लिहिताना मी तिला दीदी म्हणत आले होते. समोर आल्यावर तो शब्द तोंडातून निघायला थोडा वेळ लागला. लिहिताना आम्ही दोघी किती बोलक्या, आणि इथे ‘गाडी वेळेवर आली का’, ‘हो, आली’ यापलीकडे गाडी सरकेना. एका वाक्याचे उत्तर द्यायला चोवीस तास मिळण्याची सवय झालेल्या दोन बायकांना चोवीस सेकंदही मिळत नव्हते. त्यात आमची लेखी भाषा निम्मी इंग्रजी, निम्मी हिंदी; आता सगळी भिस्त हिंदीवर, आणि तिच्या हिंदीत गाडी, बोट, गर्दी सगळेच पुल्लिंगी. ‘बोट आ गया’ असे ती म्हणाली तेव्हा मला हसू आले, तिला का ते कळले, आणि त्यानंतर जरा सोपे झाले.

त्या बोटीनेच आम्ही हुगळी ओलांडली. हावड्याचा पूल पुलावरून दिसत नाही, तो पाण्यातून पाहावा लागतो. १९४३ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. साडेसव्वीस हजार टन पोलाद त्यात आहे, त्यातले सुमारे तेवीस हजार टन टाटांच्या कारखान्यातले, आणि सारी जोडणी रिव्हेटांची, नटबोल्टांची नव्हे. दोन मुख्य खांबांमधले अंतर ४५७ मीटर असून नदीच्या पात्रात एकही खांब नाही. ही माहिती मी तिला सांगत होते आणि ती कौतुकाने ऐकत होती, हे माझ्या उशिरा ध्यानात आले. पुलाविषयी तिने एवढेच सांगितले, की तिचे वडील हावड्याच्या एका कारखान्यात कामाला होते, रोज चालत पूल ओलांडत, आणि बसच्या वाचवलेल्या पैशांतून शनिवारी घरी संदेश ही मिठाई आणत. १९६५ पासून पुलाचे अधिकृत नाव रवींद्र सेतू आहे. तिच्या घरात ते नाव कधी उच्चारले गेले नाही.

इथून आमच्यात एक गोड वाद सुरू झाला. माझ्या वहीत पाहायच्या ठिकाणांची यादी होती आणि तिच्या मनात दुसरीच. व्हिक्टोरिया मेमोरियल हे माझ्या यादीतले पहिले नाव. ती तिथे शाळेच्या सहलीत गेली होती, त्यानंतर आज माझ्यामुळे. मकराण्याच्या संगमरवराची ही वास्तू विल्यम इमर्सन या वास्तुकाराने रेखाटली. तिची कोनशिला १९०६ मध्ये बसली आणि ती खुली झाली १९२१ मध्ये. मधल्या काळात, १९११ मध्ये, राजधानी दिल्लीला हलवल्याची घोषणा होऊन गेली होती. ज्या शहराच्या दिमाखासाठी एवढा दगड रचला त्या शहराचा दर्जाच काम पुरे होण्याआधी उतरला, हे मला त्या पांढऱ्या घुमटापेक्षा जास्त पाहण्यासारखे वाटले. बागेत जोडपी छत्र्यांच्या आड बसली होती. दीदी म्हणाली, कोलकात्याच्या लोकांना या इमारतीचा खरा उपयोग तेवढाच आहे. आतली चित्रे आम्ही भराभर पाहिली. इंडियन म्युझियमही तसेच. १८१४ मध्ये स्थापन झालेल्या त्या संग्रहालयात भारहुतच्या स्तूपाचा कठडा आहे आणि त्याच्यासमोर खरे तर दिवसभर बसायला हवे, पण बरोबरचे माणूस उभ्या उभ्या पाय बदलते आहे असे दिसले की आपलेही लक्ष उडते.

गेस्ट हाऊसची रात्र संपल्यावर मी तिच्या घरी राहायला गेले. श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकापासून, जिथे सुभाषबाबूंचा अश्वारूढ पुतळा आहे, तिची गल्ली जवळ आहे. जुने घर, लाल गिलाव्याची थंडगार फरशी, हिरव्या झडपांच्या खिडक्या, दाराशेजारी बसायचा ओटा. तिच्या आईला मी माशीमा म्हणायचे ठरले. माशीमांना हिंदी समजते पण बोलता येत नाही, मला बंगाली अर्धीमुर्धी समजते. आमचे संभाषण दीदी स्वयंपाकघरातून येताजाता पुरे करीत होती.

मी कुठली, असे माशीमांनी पुन्हा विचारले. महाराष्ट्र, म्हटले. महाराष्ट्रात कुठे? नागपूर. त्यावर त्या मनापासून हसल्या आणि मुलीला काहीतरी म्हणाल्या. दीदीने भाषांतर करायला टाळाटाळ केली, मग सांगितले: ‘ती म्हणते, घरात बर्गी शिरला.’

बंगालमध्ये मुलांना झोपवण्याची एक अंगाई आहे, जी तिथल्या बहुतेक घरांत आजही ठाऊक असते. तिच्यात बाळ झोपते, आळी शांत होते, आणि बर्गी देशात येतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर. नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे घोडदळ. १७४२ मध्ये भास्करराम कोल्हटकर, ज्यांना बंगालमध्ये भास्कर पंडित म्हणतात, चौथाईच्या वसुलीसाठी फौज घेऊन बंगालमध्ये उतरले आणि नंतर जवळजवळ दरवर्षी, १७५१ पर्यंत, या स्वाऱ्या होत राहिल्या. पहिल्याच वर्षी भास्कर पंडितांनी कटव्याजवळ दुर्गापूजा मांडली आणि ती चालू असतानाच नवाब अलिवर्दी खानाने त्यांच्या छावणीवर हल्ला केला. १७४४ मध्ये नवाबाने त्यांना तहाच्या बोलणीसाठी बोलावून दग्याने मारले. अखेर १७५१ च्या तहात बंगालने वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल केली. आमच्या शाळेत ही हकीकत एका परिच्छेदात आटोपली होती आणि त्यात बारा लाखांचा आकडा होता. गावे जाळली गेली, पिके लुटली गेली, भागीरथीच्या पश्चिमेकडची माणसे मुलाबाळांसह नदीपलीकडे पळाली, हे त्या परिच्छेदात नव्हते. ते इथे एका म्हातारीच्या गुणगुणण्यात होते आणि ती माझ्या ताटात लुची वाढत होती.

मला काय बोलावे कळेना. माफी मागणे हास्यास्पद ठरले असते. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या घोडेस्वारांची मी कोण? आणि त्यांचा अभिमानही आता पूर्वीसारखा सरळ वाटेना. माशीमांच्या मनात यातले काहीच नसावे. भीती कधीच सुकून गेली होती आणि उरली होती ती चाल आणि मुलाला थोपटण्याची लय. पण दीदी, जिच्याशी मी इतकी वर्षे सगळ्या विषयांवर बोलत होते, तिने हा विषय कधी काढला नव्हता. नागपूर हे नाव तिने पहिल्या आठवड्यातच ऐकले असणार. का नाही बोललीस, असे विचारले तर म्हणाली, ‘लिहिले असते तर तक्रार वाटली असती.’ ते खरे होते. काही गोष्टी हसत सांगायच्या असतात आणि हसू लिहिता येत नाही. त्यासाठी आपण पिवळे गोल चेहरे पाठवतो खरे, पण ते निराळे.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःची यादी उघडली आणि मला मराठ्यांचा खंदक दाखवायला नेले. पाहण्यासारखे त्यात काहीही नाही, हे तिने आधीच बजावले. १७४२ मध्ये बर्गींच्या धास्तीने कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराच्या उत्तरेकडून आणि पूर्वेकडून खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, सहा महिन्यांत तीन मैल झाले, आणि मराठे काही कोलकात्याला आले नाहीत. काम तिथेच थांबले. पुढे १७९९ मध्ये त्यातला बराच भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला गेला, आणि त्याच रस्त्यांवर आज बस, रिक्षा आणि पिवळ्या टॅक्सींची रेटारेटी चालते. बागबाजारात एका अरुंद गल्लीला अजून मराठा डिच लेन असे नाव आहे. न आलेल्या शत्रूसाठी खणलेल्या खड्ड्यावर एक रस्ता उभा राहतो आणि त्या रस्त्याच्या आखणीवर पुढे एक महानगर वाढते, हा प्रकार मला फार विलक्षण वाटला. नागपूरच्या लोकांनी कोलकात्यात न येऊन त्या शहराला जेवढा आकार दिला तेवढा येऊन दिला असता की नाही कोण जाणे.

दोन प्रांतांमध्ये नंतर पुष्कळ चांगले घडले. सत्येंद्रनाथ ठाकूर हे आयसीएस झालेले पहिले भारतीय. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली. त्यांचे धाकटे बंधू रवींद्रनाथ १८७८ मध्ये विलायतेला जाण्यापूर्वी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले आणि त्यांच्या कन्येकडून, अन्नपूर्णेकडून, इंग्रजी बोलण्याचे धडे घेतले. आणि १९०४ मध्ये, मराठी वंशाचे बंगाली लेखक सखाराम गणेश देऊस्कर यांच्या पुस्तिकेसाठी, रवींद्रनाथांनी शिवाजी महाराजांवर कविता लिहिली. ज्या घराण्यातल्या मुलांनीही बर्गींची अंगाई ऐकलीच असेल, तिथून ही कविता यावी! जोडासांकोच्या वाड्यात, जिथे १८६१ मध्ये ते जन्मले आणि १९४१ मध्ये गेले, मी हेच दीदीला म्हटले. तिने मान हलवली आणि त्या वाड्याच्या अंगणात शाळेत असताना आपण नाचाच्या कार्यक्रमात पाय मुरगळून पडलो होतो ती जागा दाखवली.

कॉलेज स्ट्रीटविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्याविषयी सगळेच लिहितात. पुस्तकांची दुकाने खरोखरच फुटपाथ गिळून बसलेली आहेत. अल्बर्ट हॉलमधल्या कॉफी हाऊसात, जे १९५८ पासून कामगारांची सहकारी संस्था चालवते, कॉफी साधारण आहे आणि आवाज असामान्य. एस्प्लनेडहून आम्ही ट्रामही घेतली. मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, त्यामुळे महाराष्ट्रातल्या माझ्या पिढीला ट्राम म्हणजे जुन्या चित्रपटातली वस्तू. कोलकात्यात घोड्यांची ट्राम १८७३ मध्ये धावली आणि विजेची १९०२ मध्ये. २०२४ मध्ये राज्य सरकारने एक वारसा मार्ग ठेवून बाकीची सेवा थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. दीदीला ट्रामचे प्रेम आहे, पण ऑफिसला ती मेट्रोनेच जाते, आणि ट्राम का बंद होते याचे उत्तर त्यातच आहे हे तिला मान्य आहे.

तिच्या चाली मला नेहमी रात्री अकरानंतर येत. इतकी वर्षे मी समजत होते, की ती दिवसभर डाव डोक्यात घोळवते आणि मग शांतपणे खेळते. मला तिचा त्याबद्दल आदरही होता. घरी राहिल्यावर खरे काय ते कळले. ऑफिसातून सातला येणे, स्वयंपाक, माशीमांची औषधे, त्यांच्याबरोबर मालिका पाहणे, कारण एकट्याने पाहायला त्यांना आवडत नाही, मग दहाच्या पुढे जेवण, त्यांच्या गुडघ्यांना तेल, आणि त्यानंतर जिन्याच्या पायरीवर, जिथे फोनला नीट रेंज येते, बसून दोनतीन मिनिटांत खेळलेली चाल. घोळवणे वगैरे काही नाही. ‘एवढ्यात जे सुचेल ते,’ ती म्हणाली. आणि त्या दोनतीन मिनिटांच्या चालींनी ती मला बहुतेक वेळा हरवते.

कोलकात्याचा बुद्धिबळाशी संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे वकिली करणारा जॉन कॉक्रन हा स्कॉटिश खेळाडू महेशचंद्र बंदोपाध्याय यांच्याशी नियमित खेळे, आणि महेशचंद्रांची प्यादी मागे ठेवून उंट बाजूने काढण्याची शैली हे ‘इंडियन डिफेन्स’ या नावाचे मूळ मानले जाते. दिब्येंदू बारुआ हे कोलकात्याचे, १९९१ मध्ये आनंदनंतर ग्रँडमास्टर झालेले दुसरे भारतीय. गडियाहाटच्या उड्डाणपुलाखाली संध्याकाळी पट मांडून लोक खेळतात. तिच्या यादीतले शेवटचे ठिकाण हे होते. वर गाड्यांची घरघर, बाजूला साड्यांचे फेरीवाले, आणि मधल्या पट्ट्यात रांगेने मांडलेले पट, भोवती बघे, आणि बघ्यांच्या न मागितलेल्या सूचना. बायका जवळजवळ नव्हत्याच. आम्हाला एका आजोबांनी जागा करून दिली.

समोरासमोर आम्ही तोवर कधी खेळलोच नव्हतो. पडद्यावर ती मला थंड, हिशेबी खेळाडू वाटे. इथे ती प्याद्यांशी बंगालीत बोलत होती, घोड्याला रागवत होती, चाल करण्याआधी हात पटावर आणून परत नेत होती, आणि माझा वजीर अडचणीत आल्यावर माझ्याआधी तिनेच ‘इश्श!’ केले. मी गप्प बसून खेळते, तिला ते खुपले असावे. ‘तू इतकी गंभीर आहेस हे मला माहीत नव्हते,’ ती म्हणाली. लिहिताना म्हणे मी फार विनोदी असते.

आजोबांनी मला गाव विचारले. नागपूर म्हणताना माझ्या मनात घोडदळ उभे राहिले होते. त्यांच्या मनात ते नव्हते. ‘दिव्या देशमुख!’ ते एवढ्या जोराने म्हणाले, की शेजारच्या पटावरची माणसे वळली. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बटुमी इथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकणारी आणि त्याच विजयाने भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झालेली एकोणीस वर्षांची मुलगी आमच्या गावची. आणि केवळ त्या नात्याने मला दुसऱ्या डावात पांढरी प्यादी मिळाली, चहा मिळाला, आणि प्रत्येक चालीकडे बघ्यांनी फाजील अपेक्षेने पाहिले. मी तो डावही हरले. नागपूरची अब्रू मी फार काळ राखू शकत नाही हे पाहून आजोबा दीदीच्या बाजूला जाऊन बसले.

परतताना हावड्याला आम्ही मेट्रोने गेलो. २०२४ पासून ही गाडी हुगळीच्या तळाखालून धावते. नदीखालचा बोगदा ५२० मीटरचा आहे आणि तो पार करायला पाऊण मिनिट लागते. तिचे वडील जे अंतर चालत जात ते संपायच्या आत दीदीने पिशवीतून माशीमांनी दिलेल्या नारळाच्या वड्या काढल्या. फलाटावर आम्ही पुन्हा गप्प झालो, पण ही निराळी तऱ्हा होती.

आता ती पूजेच्या सुट्टीनंतर नागपूरला येणार आहे आणि माशीमांची व्यवस्था तिची मामेबहीण पाहणार आहे. तिने यादी मागितलेली नाही, तिचा एकच आग्रह आहे: बर्गी जिथून निघाले ती जागा पाहायची. महालातल्या भोसल्यांच्या वाड्यावरून मी हजारदा गेले असेन, आत पाऊल टाकलेले नाही. जुन्या शुक्रवारीत भोसल्यांच्या छत्र्या आहेत, त्यातली रघूजींची कुठली हे मला सांगता येणार नाही. म्हणून हल्ली रविवारी सकाळी मी वही घेऊन महालात फिरते, आणि ओळखीचे कुणी भेटले की ‘काय शोधताय?’ म्हणून विचारतात. आईला मी म्हटले, मैत्रिणीसाठी गाव पाहते आहे. आईने विचारले, ती मुलगी नोव्हेंबरात येते आहे ना, मे महिन्यात तर नाही? म्हटले नाही, नोव्हेंबरातच. मग येऊ दे, ती म्हणाली, आणि तिला तिखट चालते का ते आधी विचारून घे.